ऊब : एका शब्दाचा माळव्यातील संसार

शताब्दी स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने विषयाची पूर्ण मोकळीक दिली, हा त्यांचा मोठेपणा. ग्रंथालयाची स्थापना, देणगीदारांची परंपरा, दुर्मीळ ग्रंथ, नामवंत व्याख्याते यांविषयी अधिकारी मंडळी लिहितीलच. प्रस्तुत लेखकाचे आयुष्य इंदुरात मराठी शिकविण्यात गेले. त्यामुळे त्याच्याजवळ भांडवल आहे ते शब्दांचेच. त्यातलाच एक शब्द येथे घेतला आहे. तो दोन अक्षरांचा आहे, घरगुती आहे, आणि ग्रंथांपेक्षा गोधडीत अधिक वावरणारा आहे. ‘ऊब’ हा तो शब्द.

हाच शब्द का, असे कोणी विचारील. पुण्या-नागपुरात या शब्दाला एकच अर्थ आहे. आपल्या शहरात मात्र त्याला दोन आहेत, आणि ते दोन्ही एकाच घरात, कधी कधी एकाच पंगतीत नांदतात. आजीने ‘ऊब’ म्हटले की तिला पांघरुणातला सुखद गरमपणा अभिप्रेत असतो; नातवाने ‘ऊब’ म्हटले की त्याला कंटाळा आलेला असतो. एका शब्दाची अशी दोन तोंडे कशी झाली, ती एकमेकांना खरोखर अनोळखी आहेत काय, आणि या शहरातल्या मराठी माणसाने त्या दोहोंचे काय केले, एवढ्याच प्रश्नांचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

प्रथम मराठीतील ऊब पाहू. उष्णतेच्या छटा दाखविण्यात आपली भाषा कंजूष नाही. विस्तवाजवळ जाणवते ती धग. चुलीवरच्या भांड्याला लागते ती आच. वाऱ्याबरोबर अंगावर येते ती झळ. वारा पडला की होतो तो उकाडा. पाणी आधी कोमट होते, मग ऊन, मग कढत, उकळी त्यानंतरची. सुजलेल्या पायाला देतात तो शेक. या सर्वांत ऊब वेगळी पडते, आणि तिचे वेगळेपण केवळ मात्रेचे नाही. धग, आच, झळ यांना बाहेर कोठेतरी अग्नी लागतो. उबेला अग्नी लागत नाही. तिला लागतो तो आडोसा. गोधडी स्वतः तापलेली नसते. ती अंगचीच उष्णता बाहेर जाऊ देत नाही, जुनेराच्या थरांमध्ये अडकलेली हवा तिला अडवून धरते, आणि या अडविण्याचे नाव ऊब. कोंबडी अंड्यांवर बसते तेव्हा तीही वेगळे काही करीत नाही. सुमारे साडेसदतीस अंश सेल्सियसची उष्णता २१ दिवस राखून ठेवावयाची, की कवच फुटून पिलू बाहेर येते. त्या कृतीला मराठीने ‘उबवणे’ असे नाव दिले. आंबे पेंढ्यात घालून आढी लावतात, तीही उबेचीच करामत.

तेव्हा ऊब म्हणजे निर्माण केलेली नव्हे, राखलेली उष्णता. हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता या शब्दाचे कूळ. ‘ऊब’ संस्कृत ‘ऊष्मन्’ या शब्दापासून, प्राकृतातील ‘उम्हा’ या रूपावाटे आली, असे भाषाभ्यासक मानतात. ‘ष्म’चा ‘म्ह’ झाला, आणि ‘म्ह’चा पुढे ‘भ’ वा ‘ब’. हा बदल कोणास ओढूनताणून आणलेला वाटेल, म्हणून त्याच वाटेने आलेला दुसरा शब्द दाखवितो : संस्कृत ‘श्लेष्मन्’, प्राकृत ‘सेंभ’, मराठी ‘शेंबूड’. मायेच्या उबेला अशी बहीण असावी हे काव्यप्रेमी वाचकांना रुचणार नाही; परंतु व्युत्पत्तिशास्त्र सोवळे-ओवळे पाळत नाही. त्याच ‘ऊष्मन्’चा हिंदीतील वंशज म्हणजे ‘उमस’. पावसाळ्याच्या तोंडी हवा कोंडते आणि जीव घाबरा होतो, ती उमस. म्हणजे एकाच पूर्वजाकडून मराठीने हिवाळ्यातले सुख घेतले आणि हिंदीने ज्येष्ठ-आषाढातला कोंडमारा घेतला. दोन्हींत कोंडणे आहे. ऋतू तेवढा वेगळा.

उबेचा सख्खा शेजारी ‘ऊन’. हा ‘उष्ण’पासून, प्राकृत ‘उण्ह’वरून आलेला. प्रथमेत आपण ‘ऊन’ म्हणतो, पण विभक्ती लागताच ‘उन्हात’, ‘उन्हाने’, ‘उन्हाचा’ असा लपलेला ‘ह’ बाहेर येतो. प्राकृत पूर्वजाची ती खूण आहे. वाड्याचे दर्शनी दार बदलले तरी मागच्या दाराची जुनी चौकट शाबूत राहावी तशी. उन्हाळ्यात तर तो ‘ह’ उघड उघडच बसला आहे. हिंदीत ‘ऊन’ म्हणजे लोकर. तो शब्द संस्कृत ‘ऊर्णा’पासून आलेला, आपल्या उन्हाशी त्याचे नाते नाही. आपल्याकडे हिंदी शाळेत नव्याने गेलेले मराठी मूल ‘बाहर बहुत ऊन है’ असे म्हणते, तेव्हा वर्गात काय होते हे येथल्या बहुतेक पालकांना ठाऊक आहे. उलट बाजूने ‘धूप’चेही तसेच. हिंदीत ते ऊन, मराठीत देवापुढचा सुगंधी धूर. आणि ‘घाम’? संस्कृत ‘घर्म’ म्हणजे उष्णता. मराठीने त्याचा अंगावरचा परिणाम घेतला, घाम. उत्तरेकडील हिंदी बोलींनी आकाशातले कारण घेतले, कारण तेथे ‘घाम’ म्हणजे ऊनच. ‘घर्म’चा इराणी भाऊबंद ‘गर्म’ फारसीतून दोन्ही भाषांत आला आणि ‘गरम’ होऊन बसला. मराठीतल्या ‘ऊन’ या विशेषणाची जागा बळकावली ती याच पाहुण्याने. पुण्या-मुंबईकडे आज बहुधा ‘गरम पाणी’ ऐकू येते. आमच्या लहानपणी रामबागेतल्या घरांत अंघोळीला ‘ऊन पाणी’ काढीत आणि पानात ‘ऊन ऊन भात’ वाढीत; लोकमान्य नगरातल्या काही घरांतून ते अजून कानांवर येते.

येथे एक गोष्ट नमूद करणे अगत्याचे आहे. इंदूरची मराठी हिंदीने बाटविली, अशी तक्रार महाराष्ट्रातून येणारे पाहुणे शंभर वर्षे करीत असावेत. तिच्यात तथ्य नाही असे नाही. आपण ‘भाजी’ऐवजी ‘सब्जी’ म्हणून जातो, ‘चालू आहे’ऐवजी ‘चालून राहिले आहे’ म्हणतो. परंतु मूळ प्रदेशापासून दूर गेलेल्या बोलीत जुने शब्दही टिकून राहतात, हे भाषाशास्त्रातले परिचित सत्य आहे. ‘ऊन पाणी’ टिकले त्यास आणखी एक कारण असावे असे मला वाटते. शेजारच्या गुजरातीत गरम पाणी हे ‘ऊनुं पाणी’च आहे. राजस्थानीत आणि माळवीत उन्हाळ्याला ‘उनाळो’ म्हणतात. रबीच्या पिकाला ‘उनाळू’ आणि खरिपाच्या पिकाला ‘सियाळू’ म्हणण्याची चाल याच मुलखातली. म्हणजे शाळेतल्या हिंदीला आपले ‘ऊन’ परके वाटले, तरी बाजारात दूध घेऊन येणाऱ्या माळवी शेतकऱ्याला ते परके नव्हते. इंदुरी मराठीचा विचार करताना आपण नेहमी पुस्तकी हिंदीलाच शेजारीण समजतो आणि माळवीला विसरतो, ही आपली जुनी खोड आहे.

शब्द माणसांबरोबर प्रवास करतात. ऊब माळव्यात आली ती मराठ्यांच्या फौजांमागून आलेल्या कुटुंबांबरोबर. १७२८ च्या नोव्हेंबरात अमझेऱ्याच्या लढाईत चिमाजी अप्पाच्या सैन्याने माळव्याच्या मोगल सुभेदाराचा पराभव केला, आणि पुढच्या काही वर्षांत शिंदे, होळकर व पवार या सरदारांमध्ये या प्रांताची वाटणी झाली. मल्हाररावांना आपण ‘सुभेदार’ म्हणतो. त्यातला ‘दार’ हा फारसी प्रत्यय आपल्या शब्दालाही लागला आणि ‘उबदार’ तयार झाला : संस्कृत कुळातली ऊब, फारसी दार. होळकरांच्या दरबाराचा पोशाखही असाच होता. बोली दक्षिणेची, दफ्तराची परिभाषा फारसीची, कागदावर अक्षर मोडी.

दख्खनच्या माणसाला येथला हिवाळा नवा होता. माळव्याचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. येथल्या रात्रींची कीर्ती ‘शब-ए-मालवा’ या शब्दांनी उत्तर हिंदुस्थानभर पसरली ती उन्हाळ्यातल्या गारव्यामुळे. पण पौषात याच रात्री पारा १० अंशांखाली उतरवतात. कोकणातून आलेल्या कुटुंबाला गोधडीचे थर येथे वाढवावे लागले असणार. घराघरांत शेगडी आली, दुलई आली. हिवाळ्यात सराफ्यात मध्यरात्री तळलेला गराडू आणि कढईतले आटीव दूध घेणारी गर्दी पाहिली की या शहराने थंडीशी कसा सलोखा केला ते कळते.

या मुलखातल्या ऋतुमानाची सर्वांत हृद्य नोंद एका इंग्रजाने केली आहे. सर जॉन माल्कमचा मध्य हिंदुस्थानविषयीचा ग्रंथ १८२३ मध्ये प्रसिद्ध झाला. अहिल्याबाईंना जाऊन तेव्हा तीन दशकेही झाली नव्हती. त्यांना पाहिलेली माणसे हयात होती, आणि माल्कमने त्यांच्याकडून माहिती मिळविली. तो सांगतो की, उन्हाळ्याच्या महिन्यांत वाटसरूंना पाणी पाजण्यासाठी रस्त्यांवर माणसे नेमलेली असत, आणि थंडी सुरू होताच बाई आपल्या आश्रितांना व दुबळ्या-आजारी माणसांना मोठ्या संख्येने वस्त्रे वाटीत. महेश्वराजवळ नांगरटीत असलेल्या बैलांना थांबवून पाणी पाजल्याचीही त्याने नोंद केली आहे. बाईंची मंदिरे, घाट, धर्मशाळा यांच्या याद्या आपण उत्सवप्रसंगी वाचतो. परंतु उन्हात पाणी आणि थंडीत पांघरूण, असे वर्षाचे दोन भाग करून आखलेले हे दान मला त्या याद्यांहून मोठे वाटते. मंदिर बांधण्यास द्रव्य लागते. थंडी पडली हे आपल्याला पुरेशी पांघरुणे असताना आठवण्यास वेगळे काही लागते.

१८१८ मध्ये मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरास आली आणि दक्षिणी घरांची वस्ती येथे वाढत गेली. आजच्या मराठी मोहल्ल्यांचे मूळ त्या काळात आहे. न्याहारीचे पोहेही या कुटुंबांबरोबर आले असे सामान्यतः समजले जाते. त्यात एक इंदुरी फरक पडला, आणि तो आपल्या विषयाला धरून आहे. महाराष्ट्रात पोहे कढईत परतून आचेवरून उतरवितात. येथे ते मोठ्या भांड्यात पाणी उकळत ठेवून त्याच्या वाफेवर तासन्‌तास मऊ आणि गरम राखतात. शेव आणि जिरावण मागाहून. आच काढून घेतली आणि ऊब दिली, एवढाच काय तो फरक, पण पुण्याच्या पाहुण्याला पोहे ‘वेगळे’ लागतात ते त्यामुळे.

आता दुसऱ्या उबेकडे वळू. हिंदीतील ‘ऊबना’ म्हणजे कंटाळणे, जीव विटणे. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेचा हिंदी शब्दसागर त्याचे मूळ ‘उद्वेजन’ या संस्कृत शब्दात दाखवितो. ‘विज्’ हा धातू. थरथरणे, अस्वस्थ होणे हा त्याचा अर्थ. ‘ऊष्मन्’शी त्याचा काडीमात्र संबंध नाही. दोन वेगळ्या उगमांच्या नद्या एका उच्चारावर येऊन भेटल्या, इतकेच.

परंतु येथेच थांबलो तर अर्धे सत्य हाती येईल. कारण ‘उद्वेगा’चा वंश मराठीतही आहे, आणि तो फार जुना आहे. ‘उबग’ हा तो शब्द. ‘उबग आला’, ‘संसाराला उबगला’ असे आपण म्हणतो. गीतेच्या बाराव्या अध्यायात, ज्याच्यामुळे लोक उद्विग्न होत नाहीत आणि लोकांमुळे जो उद्विग्न होत नाही असा भक्त वर्णिला आहे. त्या ठिकाणी ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये मराठी श्रोत्यांसाठी योजलेले क्रियापद ‘उबगणे’ हेच आहे, आणि दृष्टान्त आहे सागराचा व जलचरांचा : समुद्राच्या उसळण्याचे जलचरांना भय नाही, आणि जलचरांचा समुद्राला उबग नाही. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी जो शब्द मराठीने इतक्या सहजपणे वापरला, त्याचा जवळचा भाऊ म्हणजे हिंदीतील ‘ऊब’. तेव्हा आपला नातू ‘मैं ऊब गया’ म्हणतो तेव्हा तो परका शब्द बोलत नाही. आपल्याच भाषेच्या एका विस्मृत चुलत घराण्याचा शब्द बोलतो. मराठीत या भावनेच्या पायऱ्याही बांधलेल्या आहेत. कंटाळा लवकर येतो, लवकर जातो. वीट येण्यास तीच गोष्ट पुनःपुन्हा व्हावी लागते. उबग सर्वांत खोल. त्यात थोडी निराशा मिसळलेली असते. ‘बोअर’ हा एकच शब्द या तिघांचे काम करू लागला, त्याचे मला हिंदीच्या अतिक्रमणापेक्षा अधिक वाईट वाटते.

या दोन भाषांचा इंदुरातला शेजार किती जवळचा होता हे साहित्य संमेलनांच्या इतिहासावरून दिसते. १९१७ मध्ये मराठी साहित्य संमेलन येथे भरले. अध्यक्ष होते गणेश जनार्दन आगाशे. दुसऱ्याच वर्षी, १९१८ मध्ये, हिंदी साहित्य संमेलन येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली झाले, आणि दक्षिणेतील हिंदी प्रचाराच्या कार्याला तेथून चालना मिळाली. १९३५ मध्ये तर दोन्ही संमेलने याच शहराने एकाच वर्षी पाहिली. हिंदीचे अध्यक्ष पुन्हा गांधीजी, मराठीचे औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी. एका शहराने एका वर्षात दोन भाषांचा पाहुणचार करावा आणि दोन्हीकडे राबणाऱ्यांत मराठी आडनावे असावीत, यात इंदूरकरास नवल वाटण्यासारखे काही नव्हते. २००१ मध्ये विजया राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली मराठी संमेलन पुन्हा येथे आले तेव्हा शहराची व्यवहारभाषा पुरती हिंदी झालेली होती.

या शेजाराचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे मुक्तिबोध बंधू. गजानन माधव मुक्तिबोध (१९१७ ते १९६४) यांचे महाविद्यालयीन शिक्षण येथल्या होळकर कॉलेजात झाले. घर मराठी, लेखन हिंदी. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहिते झाले. त्यांच्या ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथास १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९४३ च्या ‘तार सप्तक’मधील सात हिंदी कवींत गजाननराव होते आणि मराठी घरातलेच प्रभाकर माचवेही होते. पुढे नव्या हिंदी कवितेच्या आणि कथेच्या समीक्षेत घुटन, संत्रास, अजनबीपन यांच्या पंक्तीला ‘ऊब’ येऊन बसली. साठीच्या दशकात तर ती एक तात्त्विक संज्ञाच झाली. म्हणजे ज्या दोन भावांनी लहानपणी एकाच मराठी घरात ‘ऊब’ हा शब्द एकाच अर्थाने ऐकला असेल, त्यांतल्या एकाने पत्करलेल्या भाषेत त्याचा अर्थ जगण्याचा शीण असा होता, आणि दुसऱ्याच्या भाषेत तो पांघरुणाचाच राहिला. त्यांच्या घरी यावर कधी थट्टा झाली असेल काय? झाली असावी असे मानण्यात मला आनंद वाटतो.

माझ्या वर्गात भाषांतराचा तास म्हणजे या दोन उबांचे रणांगण. ‘कोंबडी अंडी उबवते’ या वाक्याचे ‘मुर्गी अंडों से ऊब गई है’ असे हिंदी रूपांतर एका विद्यार्थिनीने केले होते. सारा वर्ग हसला, मीही हसलो. खरे हिंदी वाक्य आहे ‘मुर्गी अंडे सेती है’, आणि ‘सेना’ हे क्रियापद ऐकून मराठी मुलाच्या डोळ्यांपुढे फौज उभी राहते, ती गोष्ट निराळी. पण पुष्कळ दिवस ते चुकीचे वाक्य मनात घोळत राहिले. एकवीस दिवस एका जागी बसणाऱ्या त्या पक्षिणीला उबही द्यावी लागते आणि ऊबही येत असेल. संसार केलेल्या कोणत्याही स्त्रीला हे वाक्य चुकीचे वाटेल असे मला वाटत नाही.

यावरून मूळ भेदाकडे पुन्हा येतो. ऊब ही राखलेली, कोंडलेली उष्णता. त्यामुळेच तिचा मराठीतला संसारही निर्भेळ सुखाचा नाही, हे आपण विसरतो. धान्य पुरते न वाळविता कोठारात भरले, गव्हात साधारण १२ टक्क्यांहून अधिक ओल राहिली, की राशीच्या पोटात ऊब धरते. दाणा श्वास घेतो, त्यातून उष्णता व ओलावा निर्माण होतो, किडीला आणि बुरशीला बरे दिवस येतात, आणि धान्य ‘उबते’. ओल्या गवताची गंजी रचली तर ही ऊब वाढत जाऊन गंजी आतून पेटते. झाकून ठेवलेला भात उबतो. दमट कपाटातल्या कपड्यांना, आणि आपल्या ग्रंथपालांना पावसाळ्यात ज्याची धास्ती असते त्या जुन्या पुस्तकांनाही, तो उबट वास येतो. गोधडीतली ऊब आणि कोठारातली ऊब एकच. फरक आतल्या ओलीचा, आणि झाकण किती काळ ठेवले याचा.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे केवळ गहू नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आले असेल. परमुलखात आलेला समाज आपली भाषा राखतो तो आडोशाने : आपला मोहल्ला, आपला गणेशोत्सव, आपली सभा, आपले वाचनालय. १९४८ मध्ये होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मध्य प्रदेशाची रचना झाली. राजाश्रय गेला, मराठी शाळा एकेक करून रोडावल्या. तरी भाषा राहिली ती या आडोशांमुळे. त्यांत आपल्या ग्रंथालयाचा वाटा लहान नाही. पण पुष्कळ वेळा आपण झाकण काढावयाचे विसरलो. ‘आमची मराठी शुद्ध’ या अभिमानात हिंदी माध्यमातल्या मुलाच्या अडखळत्या मराठीला हसलो, आणि तो मुलगा पुन्हा सभेत आला नाही. मराठीत आडनाव असलेल्या हिंदी लेखकाला आपल्या व्यासपीठावर क्वचितच बोलावले. ज्या माळवीने आपल्या ‘उन्हा’ला दोन शतके शेजार दिला, तिची किती पुस्तके आपल्या कपाटांत आहेत? आत केवळ तीच तीच पन्नास डोकी असली की सभेतली ऊब एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाण्यास वेळ लागत नाही. हे परखड वाटल्यास ज्येष्ठ सभासदांनी क्षमा करावी. पण शंभर वर्षांच्या संस्थेला इतके ऐकून घेण्याचा अधिकार प्राप्त झालेला असतो.

छापील मराठीने या शब्दाची काय गत केली, त्याविषयी थोडक्यात. ‘मायेची ऊब’ आता इतकी हाताळली गेली आहे की शुभेच्छापत्रावरही ती थंडच लागते. वर्तमानपत्रांनी ‘सत्तेची ऊब’ रूढ केली. ती योजना मात्र मला मार्मिक वाटते, कारण तीत खुर्चीचे सुख आणि कोठारातले कुजणे हे दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत. ‘पैशाची ऊब’ त्याच जातीची. सरकारी मराठीत ‘अंडी उबवणी केंद्र’ आहे. पाट्यांवरच्या परिभाषेत इतका नेमका घरगुती शब्द आढळणे विरळा, म्हणून त्याचे कौतुक.

शेवटी कार्यकारिणीपुढे एक सूचना ठेवतो. इंदुरातल्या जुन्या मराठी घरांत वापरात असलेले, परंतु छापील मराठीतून मागे पडलेले शब्द टिपून ठेवण्यासाठी ग्रंथालयाने देवघेवीच्या खिडकीजवळ एक साधी वही ठेवावी. शब्द, तो कोणत्या घरात ऐकला, आणि तो ज्या वाक्यात आला ते वाक्य, एवढेच लिहावे. अर्थ नंतर पाहता येईल. हिंदी वा माळवी शब्द वर्ज्य करू नयेत. पहिल्या पानासाठी माझ्याकडून तीन नोंदी. ‘ऊन पाणी’ : ‘ऊन पाणी काढले आहे, आधी तू घे.’ ‘उबारा’ : ‘भिंतीच्या उबाऱ्याला बस, वारा लागेल.’ आणि तिसरी एका हिंदी शाळेत जाणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीची, जिने आजीच्या कुशीत शिरताना एका वाक्यात दोन्ही भाषा वापरल्या : ‘आजी, मी एकटी झोपून ऊब गई, मला ऊब दे.’